वायरीत दोष आढळला

गिरगावातल्या आमच्या घरातून कुठलाही कागद अण्णांनी वाचल्याशिवाय बाहेर जायचा नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. ते कोर्टात लघुलेखक होते. दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं जशीच्या तशी उतरवून घ्यायची आणि मग ती टाईप करायची, हे आयुष्यभर केल्यामुळे त्यांच्या कानाला एक खोड लागली होती. कोणी सैल बोललं की ते थांबवायचे. आई म्हणाली, "सगळे म्हणतात, यंदा पाणी तोडणार," की अण्णा पेपर खाली करून विचारायचे, "सगळे म्हणजे कोण?" आई कामाला लागायची. माझा कॉलेजचा अर्ज, आईचं तिच्या बहिणीला लिहिलेलं पत्र, चाळीच्या कमिटीला द्यायची तक्रार, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. ते शब्द बदलायचे नाहीत. पेन्सिलीने एखाद्या शब्दाखाली बारीक रेघ मारायचे आणि कागद परत द्यायचे, बस. ती रेघ कशासाठी आहे ते आपण शोधायचं.

दोन खोल्या आणि पुढे सगळ्यांची मिळून एक गॅलरी, एवढं आमचं घर. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी पाईप खोकल्यासारखा वाजायचा, त्या आवाजाने आई उठायची आणि तिच्या बादलीच्या आवाजाने आम्ही. तळमजल्यावर एका शिंप्याचं मशीन दिवसभर थांबत थांबत चालायचं. जवळच खोताची वाडी. तिथल्या कुठल्याशा लाकडी घरातून संध्याकाळी व्हायोलिनचा सराव ऐकू यायचा, आणि वाजवणारा बरीच वर्षं एकाच ओळीवर अडलेला होता. आठवड्यातून एकदा वालाचं बिरडं व्हायचं. वाल भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात सोडून सोलायला बसायचं. सोलणं हे तिघांचं काम होतं. परात मध्ये, तिघं भोवती. बोटं सुरकुतायची आणि घरातल्या ज्या काही गोष्टी बोलायच्या राहिलेल्या असायच्या त्या तेव्हा निघायच्या. आता माझ्याकडे सोललेले वाल पाकिटातून येतात. चव तीच लागते असं मी म्हणते. अण्णा असते तर त्यांनी विचारलं असतं, कशाशी ताडून पाहिलीस.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि कंप्युटरचा एक वर्षाचा कोर्स करून प्रभादेवीला एका छोट्या कंपनीत लागले. कंपनी म्हणजे छापखान्याच्या वरची एक खोली, चार कंप्युटर आणि मालक दिघेसाहेब. दिघेसाहेब स्वतः चांगले प्रोग्रॅमर होते, पण मी गेले तोवर त्यांचा बहुतेक वेळ फोनवर कोणाला तरी "होऊन जाईल, उद्या होऊन जाईल" सांगण्यात जायचा. परळच्या एका धर्मादाय हॉस्पिटलचं काम त्यांनी मिळवलं होतं. तोवर रक्ताच्या तपासण्यांचे रिपोर्ट वॉर्डबॉय कागदावर घेऊन जिने चढायचे. आता लॅबमधल्या मोठ्या कंप्युटरवर रिपोर्ट भरले जाणार आणि प्रत्येक वॉर्डातल्या सिस्टरला आपल्या टेबलावरच्या कंप्युटरवर पेशंटचा नंबर टाकून ते पाहता येणार, असा बेत होता. वॉर्डातला प्रोग्रॅम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी तेवीस वर्षांची होते आणि एवढं मोठं काम मला दिलं याचं मला जराही आश्चर्य वाटलं नव्हतं. आज वाटतं.

प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिला ती फुकट मिळायची. देशोदेशीचे काही लोक नोकऱ्या सांभाळून तिची देखभाल करायचे आणि ईमेलवरून एकमेकांशी भांडायचे. नेटवर्कवरून दुसऱ्या कंप्युटरशी बोलण्याचे तयार तुकडे त्या भाषेतच असायचे. आपण फक्त सांगायचं, याच्याशी कनेक्शन जोड, हा प्रश्न पाठव, उत्तराची अमुक इतके सेकंद वाट बघ. मी तीस सेकंद सांगितले होते. तीस सेकंदांत उत्तर नाही आलं तर ते कनेक्शन मेलं असं धरायचं, नवीन जोडायचं आणि प्रश्न पुन्हा पाठवायचा. लॅबचा कंप्युटर बंद करून मी ते तपासलंही होतं. पुढे हॉस्पिटलने स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ मागितलं. मी ते एका दुपारी बसवून दिलं. दर दहा सेकंदांनी पुढे सरकायचं. फार सुबक दिसायचं.

वायरी टाकायचं काम घाडीमामांचं. ते मूळचे मालवणकडचे. गिरणीत वीस वर्षं काढून, गिरणी बंद पडल्यावर पन्नाशीच्या सुमाराला ते हे वायरीचं काम कोणाच्या तरी हाताखाली शिकले आणि मग स्वतःच करू लागले. अंगाने किडकिडीत, शर्टाच्या खिशात टेस्टर. त्या जुन्या दगडी इमारतीत भिंतीला भोक पाडायला परवानगी नव्हती, म्हणून त्यांनी खिडक्यांच्या चौकटींच्या कडेने, जिन्याच्या कठड्याखालून, कुठे कुठे छताच्या पोकळीतून वायरी नेल्या. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना ऑपरेशनला वापरतात ती पांढरी चिकटपट्टी गुंडाळून त्यावर मराठी आकड्यांत नंबर लिहिलेले. मला ते "बाई" म्हणायचे, शाळेतल्या मास्तरणीला म्हणतात तसं. मी त्यांना मामा म्हणायची, कारण सगळे म्हणायचे.

काम सुरू झाल्यावर महिनाभर छान चाललं आणि मग दुपारच्या तक्रारी यायला लागल्या. दीड-दोन तास कोणी काही विचारलेलं नसायचं. मग सिस्टरने नंबर टाकला की स्क्रीनवर "कृपया थांबा" यायचं आणि ते जायचंच नाही. कंप्युटर बंद करून चालू केला की सगळं ठीक. मी बसने परळला जाईपर्यंत कोणीतरी बंद-चालू केलेलं असायचं, आणि मला दिसायचा तो नीट चालणारा प्रोग्रॅम. आमच्या ऑफिसात तर असं कधीच घडायचं नाही. ऑफिसातल्या दोन कंप्युटरांमध्ये एक वायर होती. हॉस्पिटलात वायरीखेरीज तळघरात एक डबा होता, लॅबचं नेटवर्क आणि वॉर्डांचं नेटवर्क यांच्यामध्ये बसवलेला. तो काय करतो हे मला मोघम माहीत होतं. ऑफिसात चालतं आणि तिथे चालत नाही, तर जे तिथेच आहे त्यात बिघाड असणार, असा मी विचार केला. तिथे नजरेत भरणारी गोष्ट म्हणजे वायर.

मी घाडीमामांना तसं सांगितलं. त्यांनी एकेक टोक कापून नव्याने बसवलं, मीटर लावून तपासलं आणि तरी दुपारी स्क्रीन अडकायचेच. एक दिवस ते लॅबच्या दाराशी माझी वाट बघत उभे होते.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"माझी सगळ्यात खराब वायर कुठची, म्हायती आहे? प्रसूती वॉर्डाची. तिकडे वाट नव्हती म्हणून जोड देऊन देऊन नेलीय. माझ्याच मनाला ती पटत नाय. पण त्या वॉर्डाची तक्रार एकदासुद्धा नाय आली. वायरीचा दोष असता तर पयली ती बंद पडली असती. बरोबर की नाय?"

"तिथे वापर कमी असेल, मामा," मी म्हणाले.

"कमी खंय? सगळ्यात जास्ती पोरां तिकडेच."

मी हसले आणि पुढे गेले. मला घाई होती. त्यांनी मला जे सांगितलं ते तपासाचं पहिलं खरं वाक्य होतं, आणि ते वायर ओढणाऱ्या माणसाने सांगितलं म्हणून मी ते ऐकलं नाही. हे मी आता इतक्या वर्षांनी लिहिते आहे म्हणून सरळ लिहिता येतंय.

त्यानंतर पंधरा दिवसांनी पुरुषांच्या वॉर्डात एक पोस्टमन दाखल होते, किडनीच्या आजाराचे. दुपारी त्यांच्या रक्तात पोटॅशियम फार वाढल्याचं लॅबला दिसलं. लॅबने रिपोर्ट कंप्युटरवर भरला. वॉर्डात दिसला असणार असं धरून चालली. वॉर्डातल्या सिस्टरने नंबर टाकला, "कृपया थांबा" आलं, आणि ती थांबली. रिपोर्ट अजून तयार नसेल असं तिला वाटलं. अडीच तासांनी पेशंटच्या छातीचे ठोके बिघडले तेव्हा डॉक्टरांनी लॅबला फोन केला. पोस्टमनना अतिदक्षता विभागात हलवलं. चार दिवस त्यांची बायको बाहेरच्या बाकावर बसून होती. मी दोन वेळा त्या बाकासमोरून गेले. ते वाचले, आणि महिनाभराने घरी गेले. पण ते वाचतील हे त्या चार दिवसांत कोणालाच माहीत नव्हतं.

हॉस्पिटलच्या अधीक्षकबाईंनी चौकशी सुरू केली आणि दिघेसाहेबांना बोलावून लेखी खुलासा मागितला. दिघेसाहेब ऑफिसात आले, पाणी प्यायले आणि मला म्हणाले, "वृंदा, तू आधीपासून वायर म्हणतेयस ना? मग तसं लिही. एक पान, जास्त नको."

मी ते घरी बसून लिहिलं. प्रोग्रॅमची तपासणी केली असता तो योग्य रीतीने चालत असल्याचे दिसून आले. वायरीत दोष आढळला. अण्णा जेवून गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी कागद वाचला, खिशातली पेन्सिल काढली आणि "आढळला" या शब्दाखाली रेघ मारली. नेहमी ते एवढ्यावर थांबायचे. त्या दिवशी थांबले नाहीत.

"कोणाला आढळला?"

"म्हणजे… मला."

"तू वायर तपासलीस?"

"मला तपासता येत नाही. पण अण्णा, दुसरं काही असूच शकत नाही."

"मग ते लिही. 'दुसरे काही असू शकत नाही असे मला वाटते.'"

"असं कोणी रिपोर्टात लिहितं का?"

"नाही लिहीत," ते म्हणाले, आणि कागद माझ्या हातात दिला.

मी तो तसाच, रेघ खोडून, सकाळी दिघेसाहेबांना दिला. तीन दिवसांनी हॉस्पिटलने घाडीमामांचं काम काढून घेतलं. ते तळघराच्या खोलीची किल्ली द्यायला आमच्या ऑफिसात आले होते, कारण ती किल्ली त्यांना आमच्याकडून मिळाली होती. दिघेसाहेब बाहेर गेले होते. मामांनी किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. ते एवढंच म्हणाले, "पण प्रसूती वॉर्ड का नाय बंद पडला, तेवढं एकदा बघा, बाई," आणि जिना उतरून गेले. खाली छापखाना चालू होता, त्यात त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू आला नाही.

नव्या माणसाने सगळ्या वायरी उपसून नव्या टाकल्या. प्रसूती वॉर्डाची तेवढी राहिली, कारण तिथली तक्रार नव्हती. आठवड्याभरात दुपारचे स्क्रीन पुन्हा अडकायला लागले.

मी पहिल्यांदाच तेव्हा प्रसूती वॉर्डात जाऊन बसले. लागोपाठ तीन दुपारी. तिथल्या जाधव सिस्टर जाड भिंगाच्या चष्म्याच्या, कडक. पहिले दोन दिवस त्यांनी मला औषधांच्या कपाटाशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि विसरून गेल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी बऱ्याच वेळाने त्यांनी एक नंबर टाकला. "कृपया थांबा" आलं. मी स्टूल स्क्रीनजवळ ओढलं. सिस्टर शांतपणे टाक्यांचं सामान लावत राहिल्या. अर्ध्या मिनिटाने रिपोर्ट स्क्रीनवर आला.

"असं होतं का नेहमी?" मी विचारलं.

"दुपारचं जरा जड चालतं. माणसासारखंच आहे ते. येतं पण."

म्हणजे कनेक्शन इथेही मरत होतं. पण इथे प्रोग्रॅमला ते तीस सेकंदांत कळत होतं आणि तो नवं जोडत होता, जसं मी लिहिलं होतं तसं. मग बाकीच्या वॉर्डांत का नाही? मी स्क्रीनकडे बघत बसले आणि काहीतरी कमी आहे असं वाटलं. कोपरा रिकामा होता.

"सिस्टर, यावर घड्याळ होतं ना?"

"काढलं मी ते. सेटिंगमध्ये जाऊन. भिंतीवरच्या घड्याळाच्या दोन मिनिटं पुढे होतं. इथे बाळ जन्मलं की नातेवाईक वेळ विचारतात, पत्रिकेला. एक जण भिंत बघून लिहितो, एक जण कंप्युटर बघून. एका आजीने माझ्याशी अर्धा तास वाद घातला, नक्षत्र बदलतं म्हणून. म्हटलं वॉर्डात घड्याळ एकच पाहिजे."

मी ऑफिसात आले. दोन कंप्युटर समोरासमोर ठेवले, प्रोग्रॅम चालू केला, प्रश्न पाठवायच्या क्षणी मधली वायर हाताने उपटली. घड्याळ बंद असताना तीस सेकंदांत प्रोग्रॅमने हात टेकले आणि नवं कनेक्शन मागितलं. घड्याळ चालू ठेवून तेच केलं. तीस सेकंद गेले, दोन मिनिटं गेली, चहा आला आणि गार झाला. कोपऱ्यात घड्याळ व्यवस्थित पुढे सरकत होतं. मला पुरुष वॉर्डातल्या त्या सिस्टरचं चौकशीतलं वाक्य आठवलं: घड्याळ चालू होतं, म्हणून मला वाटलं मशीन चालू आहे.

माझ्या प्रोग्रॅमच्या ओळी मी दोन दिवस तपासल्या. त्यात चूक सापडली नाही. मग उरली ती भाषा. तिचा आतला मजकूर सगळ्यांना वाचायला खुला असायचा. नेटवर्कचा भाग मी छापून घेतला, साठेक पानं, आणि घरी आणला. रविवार होता, वाल सोलायला बसलो होतो आणि मी कोरडा हात राखून शेजारी पानं उलटत होते. बाहेर गॅलरीत चाळीतली मुलं लपंडाव खेळत होती. ज्याच्यावर राज्य होतं तो खांबाला डोकं टेकून तीसपर्यंत मोजत होता, आणि दुसरी मुलं मधूनच त्याला हाका मारत होती. हाक आली की तो मोजणं तोडून "काय रे?" विचारायचा आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. मी त्याच्याकडे लक्ष देऊन बघत होते असं नाही. समोरच्या पानावर जे लिहिलं होतं ते वाचत होते, आणि त्यात तेच लिहिलं होतं. वाट बघत असताना मध्ये कसला व्यत्यय आला तर पुन्हा वाट बघायला बस, आणि सेकंद मोज पहिल्यापासून. घड्याळ दर दहा सेकंदांनी व्यत्यय आणत होतं. दहापर्यंत मोजायचं, हाक, पुन्हा एक. तीस कधीच येणार नव्हते. तळघरातला डबा तासभर गप्प असलेली कनेक्शनं विसरून जायचा, ते त्याचं ठरलेलंच काम होतं. प्रोग्रॅमने ते ओळखायचं होतं आणि भाषा त्याला ओळखू देत नव्हती.

"काय झालं?" आईने विचारलं.

"सापडलं," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "काय सापडलं?"

मी त्यांना पूर्ण वाक्यात सांगितलं. त्यांनी कुठेही थांबवलं नाही. मला आनंद व्हायला हवा होता. तसं काही झाल्याचं आठवत नाही. परातीतले उरलेले वाल मी सगळे सोलले.

दुसऱ्या दिवशी दिघेसाहेबांना दाखवलं. त्यांना पाच मिनिटांत समजलं, आणि ते मनापासून म्हणाले, "वा, वृंदा." मग, "घड्याळ काढून टाक सगळीकडचं. नवीन वायरी टाकल्याच आहेत. आता बंद पडणार नाही, सगळ्यांना वाटेल वायरीनेच झालं. विषय संपला."

"आणि घाडीमामा?"

"त्यांना दुसरं काम मिळेल. वायरीवाल्यांना कामाला तोटा आहे का मुंबईत?"

ते वाईट माणूस नव्हते. चार जणांची कंपनी ते कशीबशी उभी ठेवत होते. मी घड्याळं त्याच दिवशी काढली, कारण ती काढणं सगळ्यात तातडीचं होतं. मग भाषेची देखभाल करणाऱ्यांना ईमेल लिहिलं. दोन दिवसांनी कोणा एकाचं उत्तर आलं: आमच्याकडे असं होत नाही, आपलं कनेक्शन आणि केबल तपासून पाहावी. ते वाचून मला काय वाटलं ते सांगायची गरज नाही. मी वीस ओळींचा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो चालवला की कोणाच्याही टेबलावर तेच घडावं असा. सोबत दुरुस्ती जोडली. वाट बघायला सुरुवात केली ती वेळ लिहून ठेवायची, आणि व्यत्ययानंतर फक्त उरलेले सेकंद मोजायचे, एवढीच ती होती. आठवड्याने तोच माणूस म्हणाला, तुमचं बरोबर आहे, हे आम्ही कित्येक वर्षं कोणी पाहिलंच नव्हतं. पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्ती आली. बदलांच्या लांबलचक यादीत माझं नाव एका ओळीत होतं, स्पेलिंग चुकलेलं.

अधीक्षकबाईंकडे मी दिघेसाहेबांना सांगून, पण त्यांच्या परवानगीशिवाय गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुमच्या रिपोर्टात वायरीत दोष आढळला असं होतं," त्या म्हणाल्या. मी म्हणाले, तो मला आढळला नव्हता, मी तसं गृहीत धरलं होतं. त्यांनी फाईल काढून तो कागद पुन्हा वाचला. मग म्हणाल्या की नव्या माणसाशी वर्षाचा करार झालाय, तो मोडता येणार नाही. पण मी सांगितलेलं त्यांनी फाईलला लावून घेतलं. दिघेसाहेब त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. सहा महिन्यांनी मी ती नोकरी सोडली. कोणी काढलं नव्हतं.

घाडीमामांचा पत्ता मला जाधव सिस्टरांकडून मिळाला. वरळीच्या बीडीडी चाळीत ते राहायचे. रविवारी सकाळी गेले. खोली स्वच्छ, एका बाजूला लोखंडी पलंग, त्याखाली वायरींची भेंडोळी अजून नीट गुंडाळून ठेवलेली. त्यांची बायको स्टोव्हपाशी बांगडे तळत होती. मामा बनियनवर होते. मला बघून त्यांनी शर्ट घातला आणि मगच "बसा" म्हणाले. सध्या ते एका इमारतीत लिफ्टवर होते. वायरीचं काम मागायला जिथे जिथे गेले, तिथल्या लोकांनी आधी हॉस्पिटलात चौकशी केली होती.

मी काय सापडलं ते सांगितलं. घड्याळाचं सांगितलं, मोजण्याचं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. त्यांना ते कळलं. नेटवर्क शिकलेल्या कितीतरी जणांना मी पुढे हीच गोष्ट सांगितली आहे आणि त्यांच्याइतकं चटकन फार थोड्यांना कळलं.

"माका म्हायत होतां वायरीचा नाय ता," ते म्हणाले. "पण काय असात, ता कळत नव्हतां."

मी एक पत्र लिहून आणलं होतं. दोन पानी. त्यात सगळी हकीकत होती, आणि शेवटी मी त्यांची मनापासून क्षमा मागितली होती. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, मग कागद माझ्याकडे परत केला.

"इतक्या नको. ह्या कोण वाचतलो? माका एक चार ओळींचा द्या. वायर बरी होती. दोष प्रोग्रॅमात होतो. तुमचा नाव, सही."

"आणि शेवटचं?"

"ती माफी काढा. कागदार माफी बघितली की लोक म्हणतत, बाईंका दया इली म्हणून लिवन दिल्यानी. वायर बरी होती ह्या खरा आसा की नाय? मग तितक्याच लिवा."

त्यांच्या मुलीच्या वहीचं पान घेऊन मी तिथेच चार ओळी लिहिल्या. मी लिहिलेल्या कागदांपैकी इतका नेमका कागद क्वचितच दुसरा असेल. ते पत्र त्यांनी पुढे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कितीतरी ऑफिसांत दाखवलं आणि हळूहळू त्यांना पुन्हा वायरीची कामं मिळाली, हे मला नंतर कळलं. त्या सकाळी त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं.

"माफी मागूची असली तर आता मागा," ते म्हणाले. "तोंडान."

त्यांच्या बायकोने स्टोव्ह बारीक केला. मी बसमध्ये बरीच वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आलं नाही. "माझं चुकलं, मामा," मी म्हणाले.

मला वाटलं होतं, ते असू दे म्हणतील. वडीलधारी माणसं म्हणतात तसं. माझ्याकडे नीट बघून त्यांनी मान हलवली.

"होय," ते म्हणाले. "चुकलां."

मग त्यांच्या बायकोने तीन ताटं मांडली, माझ्या ताटात पहिला बांगडा वाढला, आणि आम्ही जेवायला बसलो.